कोरड्या पात्रातल्या शिड्या

कॅलिफोर्नियातल्या मेक्का हिल्समधल्या त्या घळीत आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत चाललो, शिड्यांवरून चढलो-उतरलो, आणि पाठीवरच्या बाटल्यांतले सोडल्यास पाण्याचा एक थेंबही कुठे पाहिला नाही. तरीही तिथे डोळ्यांना दिसणारी जवळपास प्रत्येक गोष्ट, म्हणजे भिंतींची वळणे, पायाखालची वाळू, वाटेत अडकलेले धोंडे आणि ते धोंडे ओलांडण्यासाठी लावलेल्या शिड्यासुद्धा, पाण्यामुळेच त्या जागी होती. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जन्म गेल्यामुळे कोरडेपणा मला नवा नव्हता. पण कोरड्या जमिनीवर पाण्याचा माग कसा काढायचा, हे मी त्या टेकड्यांमध्ये शिकले आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

माझा भाचा आणि त्याची बायको नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसजवळ राहतात. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आई-वडिलांना, मावश्या-आत्यांना साधारणपणे मॉल, मंदिरे, लास वेगासची रोषणाई आणि ग्रँड कॅन्यनचा कठडा दाखवला जातो. तेही बघण्यासारखे असते. पण माझी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. प्रस्तरभंग (म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकलेला असतो अशी जमिनीतली भेग), घळई, रांजणखळगे यांच्या व्याख्या मी फळ्यावर लिहिल्या, आकृत्या काढल्या, आणि त्यांपैकी रांजणखळगे तेवढे निघोजच्या सहलीत मुलांना प्रत्यक्ष दाखवू शकले. त्यामुळे प्रस्तरभंगावर पाय ठेवता येईल अशा ठिकाणी मला ने, एवढेच मी भाच्याला सांगितले होते. मेक्का हिल्सचे नाव काढताना त्याने काळजीने विचारले, "मावशी, तिथे शिड्या चढाव्या लागतात. जमेल ना तुला?" सून म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी फोटो बघा, मग ठरवू." शिडीची मला भीती नव्हती, त्याचे कारण पुढे येईलच.

लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर गेले की कोचेला खोऱ्याचे हे टोक लागते. प्रशांत महासागरावरून येणारे ढग वाटेतल्या सॅन जसिंटो आणि सांता रोझा पर्वतांवर रिते होतात आणि पलीकडच्या या खोऱ्याच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस येतो. सह्याद्रीने आपल्या पदरात टाकलेली पर्जन्यछाया सोलापूरकरांना ठाऊक आहे, पण आपल्याकडे निदान पाचशे मिलिमीटरची आशा धरून रब्बीची ज्वारी पेरता येते. तिथे नुसत्या पावसावर शेत उभे राहत नाही. तरीही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा, द्राक्षमळे आणि भाजीपाल्याचे वाफे दिसत राहतात, कारण कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने इथवर आणलेले आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झालेला हा कोचेला कालवा मेक्का हिल्सच्या पायथ्यावरूनच जातो. उजनीचे आवर्तन कधी सुटणार याची चौकशी आमच्या घरात आजही होत असते, त्यामुळे तो भरून वाहणारा कालवा, त्याच्या एका अंगाला पिके आणि दुसऱ्या अंगाला ठणठणीत वाळवंट, हे मला गाडीतून उतरून पाहावेसे वाटले आणि भाच्यानेही गाडी थांबवली.

कालवा येण्याच्या कितीतरी आधीपासून या खोऱ्यात कावीया हे तिथले मूळनिवासी लोक राहत आले आहेत. ते वाळू उकरून विहिरी करीत, आणि पाण्यापर्यंत चालत उतरता यावे म्हणून विहिरीच्या एका अंगाला उताराची, पायऱ्यांची वाट ठेवीत. खोऱ्यातल्या इंडियन वेल्स या गावाला नाव मिळाले ते अशाच विहिरींवरून. आपल्याकडच्या पायविहिरी आणि बारवा दगडात बांधलेल्या, त्यांच्या विहिरी वाळूत उकरलेल्या. पण पाणी वर येत नसेल तर माणसाने खाली जायचे, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. आपल्या माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीच्या जवळच्या नात्यातले मेस्कीट नावाचे झाड तिथले मूळचे. त्याच्या शेंगा कांडून केलेले पीठ हा कावीया लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार होता. ज्या कुळातली झाडे आपण जेसीबी लावून उपटतो, त्यांवर एका समाजाने वाळवंटात संसार केले, ही गोष्ट मला त्या दिवशीच्या कोणत्याही देखाव्याइतकीच मोलाची वाटते.

मेक्का हिल्स उंचीने फार नाहीत. मात्र त्या तिथे का आहेत, याचे उत्तर सॅन अँड्रियास प्रस्तरभंगात आहे. पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे भूकवचाचा एक प्रचंड तुकडा, शेजारच्या उत्तर अमेरिकी भूपट्टाला घासत वायव्येकडे सरकतो आहे, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने, आणि त्यांची सीमा या टेकड्यांच्या नैर्ऋत्य पायथ्याने जाते. इथे दोन्ही बाजू एकमेकींना नुसत्या घासत नाहीत, तर किंचित दाबतातही. त्या दाबाने खोऱ्याच्या तळात साचलेले गाळाचे थर वर उचलले गेले, वाकले, तुटले, आणि त्यांच्या टेकड्या झाल्या. प्रस्तरभंगाच्या या दक्षिणेकडच्या तुकड्यावर सुमारे तीनशे वर्षांत मोठा भूकंप झालेला नाही, म्हणून शास्त्रज्ञांचे त्याच्यावर बारीक लक्ष असते. किल्लारीच्या पहाटे सोलापुरातही घरांतली भांडी खणखणली होती. ते आठवून मी त्या वाळूत क्षणभर थांबले, तर भाच्याला वाटले की मला दम लागला.

टेकड्यांचे थर वाळूचे, चिखलाचे आणि गोट्यांचे आहेत. जुन्या प्रवाहांनी डोंगरातून आणून पंखाकृती मैदानांत पसरलेले, गेल्या काही दशलक्ष वर्षांतले. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थिजून घट्ट झालेला. त्याच्यापुढे हा खडक कोवळा आहे. कित्येक ठिकाणी त्यातले कण एकमेकांना धड चिकटलेलेही नाहीत आणि बोटाने घासले तर वाळू सुटते. घळ इतकी चिंचोळी का, हे या कोवळेपणातूनच समजते. पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा ढगफुटीसारखा पडतो. उतारावर गवत नाही, झाडोरा नाही, माती धरून ठेवणारे मूळ नाही. पाणी मुरण्याआधीच पळू लागते आणि पळताना वाळू, खडे, धोंडे बरोबर घेते. असे गाळाने भरलेले पाणी खडकातली एखादी भेग धरते आणि तळ कापत जाते. एरवी नदीच्या दऱ्या रुंद होतात त्या काठ ढासळल्यामुळे, काठांवर वर्षानुवर्षे पाऊस पडून त्यांची झीज झाल्यामुळे. इथे काठांवर तसा सततचा पाऊस नाही. तळ झपाट्याने खोल जातो, भिंती मात्र जवळजवळ जागच्या जागी उभ्या राहतात, आणि दोन्ही हात पसरता येणार नाहीत एवढ्या रुंदीची, पण कितीतरी पुरुष खोल अशी घळ तयार होते. साम्रदची सांधण दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या चिंचोळेपणाची कल्पना येईल. मात्र सांधण कठीण बेसाल्टमध्ये आहे, आणि तिच्यात पावसाळा संपल्यावरही पाण्याचे डोह ओलांडावे लागतात.

ज्या वाटेने आम्ही गेलो ती साधारण सात-आठ किलोमीटरची आहे: शिड्यांच्या घळीने, म्हणजे लॅडर कॅन्यनने वर चढायचे, माथ्यावरून चालायचे आणि पेंटेड कॅन्यन या मोठ्या दरीने खाली यायचे. डांबरी रस्ता सोडल्यावर काही किलोमीटर वाळूचा कच्चा रस्ता होता. गाडी लावून आम्ही कोरड्या पात्रातून चालू लागलो तेव्हा जानेवारीची सकाळ होती आणि अंगात स्वेटर होते. पात्राच्या कडेला हिरव्या सालीची पालो वर्डेची झाडे आणि धुरकट राखी रंगाची स्मोक ट्री नावाची झुडपे होती. या स्मोक ट्रीचे बी कठीण कवचाचे असते. पुराच्या पाण्यात वाळू-खड्यांवर घासले जाऊन ते कवच खरवडले गेल्याशिवाय ते सहजी रुजत नाही. म्हणजे जो लोंढा बाकी सगळे मोडत येतो, त्याचीच वाट हे झाड बघत असते, आणि म्हणूनच ते पात्र सोडून वर कुठे दिसत नाही. वर्गात मुलांना सांगायला असे उदाहरण मला आधी मिळायला हवे होते.

थोडे चालल्यावर डाव्या हाताला वाळूत दगड मांडून केलेला बाण दिसला. तो नसता तर आत वाट आहे असे कोणालाही वाटले नसते, कारण घळीचे तोंड कोसळलेल्या दरडीने जवळजवळ बुजलेले आहे. मोठमोठ्या धोंड्यांच्या फटीत पहिली शिडी उभी होती.

इथे शिडीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. आमच्या वडिलांनी शेतात विहीर खोदली तेव्हा मी शाळकरी होते. वरची काळी माती आणि मुरूम लवकर निघाला, खाली काळा पाषाण लागला, सुरुंग उडवावे लागले, दगड वर काढायला यारी आली, आणि महिनोन्‌महिने आमची सगळ्यांची ये-जा शिडीवरून चालली. वडील शिडीवर चढणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत: पाय पायरीच्या मधोमध टाकू नको, दांड्याच्या कडेला टाक, कारण पायरी मोडते ती मध्यावर, एक हात किंवा एक पाय हलवायचा, बाकी तिन्ही जागेवर, आणि वरचा माणूस शिडीवरून उतरून बाजूला झाल्याशिवाय खालच्याने पहिल्या पायरीला हात लावायचा नाही. डोंगर चढण्याच्या शास्त्रात हेच नियम शिकवतात, हे मला नंतर कळले. घळीतल्या शिड्या एकसारख्या नव्हत्या. काही ॲल्युमिनिअमच्या, काही लाकडी, काही दोरांनी बांधलेल्या. मी प्रत्येक शिडी आधी हलवून पाहिली, पायथा वाळूत बसला आहे का आणि वरचे टोक खडकाला नीट टेकले आहे का ते बघितले, आणि मगच पाय ठेवला. पायऱ्यांवर बारीक वाळू साचलेली असे, तिच्यावरून बूट घसरतो. ती हाताने झाडून घ्यावी लागे. खालून सून म्हणाली, "मावशी, तुम्ही तर आमच्यापेक्षा सराईत आहात." तिचे माहेरही सोलापूरच, पण शहरातले, साखर पेठेतले, विहिरीत उतरण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पुढच्या शिडीला तिला दांड्याच्या कडेला पाय टाकायला मी शिकवले.

पहिल्या शिड्या चढून गेल्यावर घळ खऱ्या अर्थाने सुरू होते. काही ठिकाणी पाठीवरची पिशवी पोटाशी घेऊन आडवे सरकत जावे लागते, आणि तेव्हा दोन्ही भिंती एकाच वेळी अंगाला लागतात. डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते. ऊन थेट तळापर्यंत येत नाही, वरच्या भिंतीवर पडून खाली परावर्तित होते, त्यामुळे सावलीतही खडक आतून उजळल्याचा भास होतो. भिंतींवर गाळाचे थर उघडे पडलेले असतात. वाळूच्या थरावर गोट्यांचा थर, त्यावर पुन्हा चिखलाचा पातळ थर, म्हणजे एका जुन्या पुरावर दुसरा पूर आणि मधली संथ वर्षे. हा सगळा गाळ आधी पाण्याने साचवला, मग जमिनीने उचलला, आणि आता पाणीच तो पुन्हा कापून खाली नेते आहे. क्षरण, वहन आणि संचयन या तीन पायऱ्या मी फळ्यावर एकाखाली एक लिहीत असे. इथे त्या एकाच भिंतीत, एकाच नजरेत होत्या, आणि त्यांचा क्रमही सरळ रेषेत नव्हता, फिरून फिरून तोच होता.

शिड्या नेमक्या कुठे लागतात याचेही एक तंत्र आहे. घळीच्या तळात जिथे कठीण थर येतो तिथे पाणी तो कापू शकत नाही, त्यावरून खाली उडी मारते, आणि पायथ्याचा मऊ थर खणून काढते. असे कोरडे धबधबे वाटेत येतात. काही ठिकाणी वरून आलेला एखादा धोंडा दोन भिंतींत अडकून बसतो, त्याच्यामागे वाळू भरते आणि तिथेही एक उंच पायरी तयार होते. दोन्ही ठिकाणी माणसाला शिडीवाचून वर जाता येत नाही. कोरड्या धबधब्यांच्या पायथ्याशी गोल वाट्या कोरलेल्या दिसल्या. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे मुलांना दाखवताना, भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून खडक कसा कोरतात हे मी सांगत असे. तिथल्या वाट्या लहान होत्या, खडकही ठिसूळ होता, पण एका वाटीत तिला कोरणारा गोटा अजून पडून होता.

एका वळणावर भाच्याने वर बोट दाखवले. आमच्या डोक्याच्याही कितीतरी वर, दोन भिंतींमध्ये वाळलेल्या फांद्यांचा एक भारा अडकून बसला होता. तो तिथे वाऱ्याने आलेला नव्हता. कधीतरी पाणी त्या उंचीपर्यंत चढले होते आणि उतरताना फांद्या तिथेच ठेवून गेले होते. आम्ही उभे होतो ती जागा तेव्हा किती पुरुष पाण्याखाली असेल याचा हिशेब मी मनात केला आणि पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

अशा घळींत मृत्यू येतो तो बहुधा निरभ्र आकाशाखाली. ॲरिझोनामध्ये, नावाहो लोकांच्या भूमीतल्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून मेले. घळीवर त्या दुपारी फारसा पाऊस नव्हता. तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या पाणलोटात पडला होता. खडकाळ उजाड जमिनीवरून ते सगळे पाणी घळीच्या तोंडाशी एकत्र आले, आणि आत असलेल्यांना वर चढायला वेळ मिळाला नाही. तिथे तेव्हा लाकडी शिड्या होत्या. त्याही लोंढ्याबरोबर गेल्या. आता त्या जागी खडकाला बोल्टने जखडलेले लोखंडी जिने आहेत. म्हणून कोणत्याही चिंचोळ्या घळीत शिरताना आपल्या डोक्यावरच्या आकाशावर भिस्त ठेवून भागत नाही. तिचे पाणलोट क्षेत्र कुठपर्यंत आहे आणि त्या दिवशी तिथे पावसाचा अंदाज काय आहे, हे आधी पाहावे लागते. आम्ही पाहिले होते, आणि तरीही त्या फांद्यांखालून जाताना पावले आपोआप भरभर पडली.

घळ शेवटी रुंद होत जाते आणि माथ्यावर सोडते. वर येताच चारी बाजू एकदम मोकळ्या झाल्या. पश्चिमेला सॅन जसिंटोच्या शिखरावर बर्फ होते, आणि दक्षिणेला सॉल्टन समुद्राची करडी-निळी चादर पसरलेली होती. समुद्र म्हणतात, पण ते तळे आहे, आणि समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर मीटर खाली आहे. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीने सिंचनासाठी काढलेला पाट फोडला आणि १९०७ पर्यंत नदीचे पाणी या खोलगट भागात उतरत राहिले. त्यातून हे तळे झाले. त्याच्याही आधी, सुमारे तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत, नदी आपला मार्ग बदलून अधूनमधून इथे येई आणि याहून कितीतरी मोठे सरोवर भरून जाई. त्या जुन्या सरोवराची काठरेषा सांता रोझा पर्वताच्या पायथ्याच्या खडकांवर आजही उमटलेली आहे. सध्याचे तळे शेतातून निचरून आलेल्या पाण्यावर टिकून आहे, आणि ते पाणी कमी होत चालल्याने आटते आहे, महासागरापेक्षा खारट झाले आहे, आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आसपासच्या वस्त्यांवर उडते. हजारो स्थलांतरित पक्ष्यांचा तो मुक्काम आहे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित उतरतात तेव्हा आपण कौतुकाने भिगवणला जातो. माणसाने अडवलेल्या किंवा चुकून सोडलेल्या पाण्यावर पक्षी विश्वास टाकतात आणि मग ते पाणी राखण्याची जबाबदारी आपल्यावर येते, असे मला तिथे बसून प्रकर्षाने वाटले.

माथ्यावरच आम्ही शिदोरी सोडली. मी सोलापुराहून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, बरोबर गूळ होता. अशा वाटेवर कडक भाकरीइतके सोयीचे खाणे मला दुसरे माहीत नाही. ती उन्हाने खराब होत नाही, पिशवीत मोडली तरी बिघडत नाही, आणि चटणीतले मीठ घामाने गेलेले मीठ भरून काढते. तिखटाने पाणी जास्त लागते हे मात्र खरे, त्यामुळे चटणी बेताने घेतली.

उतरणीची वाट पेंटेड कॅन्यनमधून येते. तिथेही वाटेत शिड्या होत्या, आणि उतरताना त्या चढण्यापेक्षा अवघड वाटल्या. तोंड खडकाकडे करून, पायाने पायरी चाचपत उतरायचे असते. ही दरी रुंद आहे आणि तिचे रंग पाहून मी थक्क झाले: लोखंडाच्या गंजाचा तांबडा, गुलाबी, जांभळट, राखाडी-हिरवट. इथे दुसरा एक प्रस्तरभंग दरीला छेदून जातो. त्याच्या एका बाजूला कोवळे गाळाचे थर आहेत आणि दुसऱ्या बाजूला अब्जाहून अधिक वर्षे जुना, दाब-उष्णतेने पिळवटलेला खडक वर आलेला आहे. कावीया लोकांच्या सृष्टिकथेत मुकात या निर्मात्याच्या रक्ताने या भिंती लाल झाल्या असे सांगितले जाते. मी एक तळवा या बाजूच्या खडकावर आणि दुसरा त्या बाजूच्या खडकावर ठेवून उभी राहिले, आणि भाच्याने फोटो काढला. तो फोटो घरी भिंतीवर लावला आहे. एका भेगेत चकवाला जातीचा एक जाडजूड सरडा दिसला. धोका वाटला की तो भेगेत शिरून अंग फुगवतो आणि असा घट्ट बसतो की ओढून काढता येत नाही. याच सरड्याचे नाव दिलेल्या चकवाला राष्ट्रीय स्मारकाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि त्यात या टेकड्यांचाही समावेश आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे लिहिते. ही वाट नोव्हेंबर ते मार्च याच काळातली आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सोलापूरच्या मे महिन्याची सवय तिथे कामाला येत नाही, कारण वाटेत सावलीचे झाड नाही, पाणी नाही, आणि मोबाईलला रेंजही नाही. माणशी तीन लिटर पाणी जड वाटले तरी न्यावे. आम्ही गेलो त्याला काही वर्षे झाली. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळ आले, जवळच्या पाम स्प्रिंग्जला एका दिवसात ८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आणि असा एक पाऊस घळीचा तळ, वाळूचा रस्ता, शिड्यांची जागा सगळे बदलून टाकतो. त्यामुळे वाट खुली आहे का आणि शिड्या जागेवर आहेत का, याची चौकशी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या तिथल्या सरकारी खात्याकडे आधी करावी. माझ्या वर्णनावर विसंबून कोणी निघू नये. गुडघे दुखत असतील तर, खुले असेल तेवढ्या, नुसत्या पेंटेड कॅन्यनच्या पात्रातून चालून यावे. रंग तिथेही आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडच्या सीना नदीला महापूर आला, माढा-मोहोळकडची गावे पाण्याने वेढली गेली, आणि आमच्या शेताशेजारचा ओढाही आला. हा ओढा एरवी वाळू आणि वेड्या बाभळींचाच असतो. बापू, माझा धाकटा भाऊ, शेत बघतो. त्याने आणि शेजारच्यांनी गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंनी बांध सरकवत पात्रात नांगर घातला होता, कारण तिथली गाळाची जमीन चांगली आणि पाणी तर कधी दिसतच नसे. पुराने तो बांध नेला, त्यामागची तूर नेली आणि वरच्या थराची मातीही नेली. पाणी ओसरल्यावर मी गावी गेले तेव्हा शेतातल्या एका बाभळीला माझ्या खांद्याच्या उंचीवर पाचट आणि प्लॅस्टिक गुंतलेले होते. आम्ही दोघे ती खूण धरून चाललो. जिथे जिथे फांद्यांत कचरा अडकला होता तिथे बापूने खुंटी मारली, आणि खुंट्यांची रांग बघता बघता, आमच्या लहानपणी ओढ्याचा काठ जिथे होता बरोबर तिथे जाऊन पोहोचली.

"अक्का, एवढं सोडायचं म्हणजे चार गुंठे जातील," तो म्हणाला.

मी म्हटले, "गेलेलेच आहेत. माती आत्ताच गेली, बांध परत तिथंच घातलास तर पुढच्या वेळी खालच्या वस्तीत पाणी शिरेल."

तो बराच वेळ हिशेब करीत उभा राहिला. मग शेजारच्या पाटलांना फोन लावून, तुम्हीही तुमच्या बाजूने मागे घेणार असाल तर बसून बोलू, असे त्याने सांगितले. पाटील दिवाळीनंतर तयार झाले. बांध आता खुंट्यांच्या रेषेवर आहे, आणि पात्राच्या कडेच्या बाभळी माती धरण्यासाठी ठेवायच्या असे दोघांनी ठरवले आहे. फक्त समोरच्या वळणावरच्या तिसऱ्या शेतकऱ्याशी बोलणे अजून चालू आहे.